साडीचा बोळा

मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली तेव्हा आमच्या गाडीचा एसी बंद होता, आणि तो दुरुस्त करून घ्यायचाच हा हट्ट माझा होता. त्या दुरुस्तीत जो बोळा कोंबला गेला, तोही मीच कोंबायला सांगितला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी त्या मिस्तरीला शिव्या देत बसायला नको. माझ्या त्याला पुष्कळ देऊन झाल्या आहेत.

मी अंगणवाडी सेविका. लोधिवलीच्या आतल्या बाजूला आमचं गाव, आणि गावामागे डोंगराच्या पायथ्याला आदिवासी वाडी. दोन्हीकडची पोरं माझ्याकडे येतात. बावीस वर्षं हे काम करतेय, आणि त्यात शिकलेली एक गोष्ट म्हणजे बोळा. पाण्याची टाकी गळतेय, कोंबा बोळा. खिडकीची काच फुटली, कोंबा बोळा. उंदरानं बीळ पाडलं, तिथेही बोळा. वरून सामान येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर पोरांची लग्नं होतील. त्यामुळे जुन्या सुती साडीचे फाडलेले तुकडे माझ्या पिशवीत कायम. लोक हसायचे. मी म्हणायची, हसा, पण तुमची टाकी गळायला लागली की माझ्याचकडे याल.

गाडी घेतली नवऱ्यानं, चालवते मी. तो माथेरानला एका हॉटेलात आचारी. वर गाडी जात नाही, सगळा कारभार घोड्यांवर आणि पायांवर, त्यामुळे त्याचं आणि गाडीचं कधी जमलंच नाही. पंधरा दिवसांनी खाली उतरतो, गाडीला प्रेमानं फडकं मारतो आणि शेजारच्या सीटवर बसून मला "हळू, हळू" करतो. गाडी पेट्रोलची, जुनी, आमच्याआधी दोन मालक झालेले. सकाळी चालू केली की पुढून फाटफाट आवाज यायचा आणि तापली की गप्प. "म्हातारीला खोकला आहे," असं नवरा म्हणायचा. त्या खोकल्याकडे आम्ही वर्षभर हसतच बघितलं.

आता मुलीचं सांगते. तिचं पोट आधी दोनदा रिकामं झालं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्यात. पाचव्यातल्या वेळी मी तिच्या उशाशी होते, त्यामुळे त्याबद्दल मी लिहिणार नाही. हे तिसरं टिकलं, सातवा लागला, आणि मी तिच्या सासूला म्हटलं, आता पाठवा. माझ्या डोळ्यांसमोर राहील. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोटुशा बायकांना गोळ्या दिल्यात, वजनं घेतलीत, रागावलेय. माझ्या स्वतःच्या लेकीचं मी नीट करणार नाही का?

डॉक्टरीणबाई कर्जतला. दर आठवड्याला दाखवायला जायचं. मे महिना, आणि आमच्याकडचा मे ज्यानं काढलाय त्यालाच माहीत. डोंगर तापतात आणि वारा पडतो. पहिल्याच खेपेला कर्जतला पोचेपर्यंत पोरगी घामानं निथळली, तोंड पांढरंफटक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऊन लागू देऊ नका हिला." झालं. माझ्या डोक्यात एसीनं घर केलं.

शिळफाट्याला एक गाड्यांच्या एसीची कामं करणारा आहे. त्यानं गॅस भरून दिला. चार दिवस गार, पाचव्या दिवशी भट्टी. परत गेले, परत गॅस, परत तेच. तिसऱ्या खेपेला मी गॅरेजच्या दारातच त्याला फैलावर घेतला. "तू गॅस भरतोयस की फुगे?" म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, कूलिंग कॉइल गळतेय. डॅशबोर्ड खोलावा लागेल. दिवस जाईल." जाऊ दे म्हटलं. चारला कर्जतची वेळ होती, मी सकाळी नऊला गाडी लावली आणि स्टूल घेऊन समोर बसले.

गाडीचं असं पोट उघडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. सगळ्या वायरी बाहेर. समोरची आमची लहानशी बुद्धमूर्ती त्यानं काढून माझ्या हातात दिली, ती मी दिवसभर मांडीवर धरून बसले होते. अडीच वाजता नवी कॉइल बसली. मग तो म्हणाला, "ताई, इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामध्ये जो पत्रा असतो ना, त्यातून हे पाइप आत येतात. तिथलं रबर कुजून गेलंय. पनवेलहून मागवतो, उद्या संध्याकाळी न्या."

"उद्या नाही नि परवा नाही. मला चारला कर्जत."

"भोक मोठं आहे ताई, हात जाईल एवढं."

"मग बोळा कोंब. रबराला काय सोनं लागलंय का?" आणि पिशवीतून साडीचा तुकडा काढून मीच त्याच्या हातात दिला. हिरवी साडी, पांढरे ठिपके. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तुकड्याकडे. वाद घालायची त्याची ताकद मी सकाळीच संपवली होती. त्यानं तो कोंबला, डॅशबोर्ड लावला आणि जाताना सांगितलं, "काचा बंद ठेवा. हे बटण दाबलं की आतलीच हवा आत फिरते. मग बघा, माथेरान."

आणि खरंच माथेरान झालं. त्या दिवशी चौक गाव सोडलं तेव्हा माझ्या हातावर काटा आला होता. पोरीनं सीट मागे केली, "आई, किती बरं वाटतंय गं," म्हणाली आणि झोपली. मी एकटीच गालात हसत गाडी हाकत होते. असा माज चढला होता मला.

कर्जतला उतरल्या उतरल्या तिला भडभडून ओकारी झाली. डोकं ठणकतंय म्हणाली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हटलं, "होतं असं सातव्यात." तासभर तिथे बाकावर बसलो, आतून बोलावणं आलं तोवर तिला बरं वाटत होतं. रक्तदाब बरोबर, बाळाचे ठोके बरोबर.

पुढच्या आठवड्यात परत तेच. झोप, मग ओकारी, मग डोकं. येताना माझंही डोकं जड झालं, म्हटलं काळजीनं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली, काही सापडेना. त्या म्हणाल्या, विश्रांती घ्या. शेजारीण म्हणाली, "गाल कसे लाल झालेत पोरीचे, तेज आलंय हो." मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं. ते तेज कसलं होतं ते आज कळतं.

भीती मात्र तेव्हाच शिरली होती. एके दिवशी पोरगी म्हणाली, "आई, गाडीत बसलं ना, की हे हलतच नाही. घरी आल्यावर मग लाथा मारतं." मी म्हटलं, "झोपतं गं ते. पाळण्यातलं पोर नाही का झोपत?" पाचव्या महिन्यातलं ते दुसरं, तेही आधी असंच हलायचं थांबलं होतं.

मग मी काय काय केलं! लोहाच्या गोळ्यांची वेळ बदलली. लिंबू सरबत दिलं. आमच्या घरात दृष्ट, उतारा, नारळ-लिंबू हे आजेसासऱ्यांनी धम्म घेतला त्या दिवसापासून बंद आहे आणि वाडीवरच्या बायकांना मी त्यावरून किती बोलले आहे ते त्यांनाच विचारा. तरीही एका दुपारी ती झोपलेली असताना मी मीठ-मोहऱ्या घेऊन तिच्या डोक्यावरून तीनदा उतरवल्या. मग मोरीत टाकून वरून पाणी ओतलं, कुणाला दिसू नये म्हणून. भ्यालेलं माणूस काय करील याचा भरवसा नाही.

आणि सगळ्यात वाईट केलं ते हे. मेअखेरीला आमच्याकडे दुपारची लाइट जायला लागली. पत्र्याखाली पोरगी तळमळायची. मग मला युक्ती सुचली. अंगणात आंब्याखाली गाडी चालू करायची, काचा बंद, ते बटण दाबायचं, आणि दोघींनी आत बसायचं. लाइट येईपर्यंत तास तास बसायचो. फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हुशार आहेस." तीन दुपारी आम्ही असं बसलो. तिन्ही दिवस ती संध्याकाळी जेवली नाही. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसायची आणि हलेपर्यंत श्वास धरायची. शेवटी ते हलायचं, पण दर दिवशी उशिरा उशिरा.

चौथ्या दुपारी वाडीवरची एक बाई करवंदं घेऊन आली. मी तिला ओळखत होते. तिची लहान मुलगी माझ्या अंगणवाडीत यायची. दिवाळीनंतर हे लोक कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला लांब जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. चार वर्षांपूर्वी ते परतले तेव्हा ती पोर त्यांच्याबरोबर नव्हती.

मी काचेतून तिला हातानंच खूण केली, नंतर ये. दार उघडलं तर गारवा जाईल ना! ती गेली नाही. टोपली खाली ठेवून काचेला तोंड लावून आत बघायला लागली. माझ्याकडे नाही, पोरीकडे. मग काच वाजवायला लागली. काहीतरी ओरडत होती, पण मला ते लांबून कुठून तरी आल्यासारखं ऐकू येत होतं. मग तिनं कमरेचा कोयता काढला आणि त्याच्या मुठीनं काचेवर धाडकन मारलं.

मला असा राग आला! गाडीची काच फोडते म्हणजे काय? चांगली झापायची म्हणून मी दार उघडलं आणि उतरायला गेले, तर पाय माझे नव्हतेच. गुडघ्यावरच पडले. माझ्या रागानं आयुष्यात एकदा चांगलं काम केलं असेल तर ते त्या दिवशी.

"बाय, पोरीला भाईर काढ! भट्टीची गुंगी हाय ही!" ती ओरडत होती. पलीकडचं दार उघडून तिनंच पोरीला काखेत हात घालून ओढलं, आंब्याखाली कुशीवर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. पोरगी डोळे उघडेना. मी रांगत तिथवर गेले. पोटावर हात ठेवला. पोट टणक आणि गप्प.

"ऊठ गं, ऊठ," एवढंच मी म्हणत राहिले. बाकी सगळं शहाणपण कुठे गेलं कुणास ठाऊक. शेवटी पोरीनं कण्हत पापण्या उचलल्या आणि म्हणाली, "आई, झोपू दे ना." पाचव्या महिन्यातल्या वेळी तिचा आवाज असाच होता.

शेजारच्यानं भाजीचा टेंपो काढला. माझी गाडी दारात उभी होती, पण वाडीवरची बाई म्हणाली, "त्या डब्यात नाय बसायचं आता." मागच्या उघड्या हौद्यात गोणपाटं टाकून पोरीला घातलं, एका बाजूला मी, एका बाजूला ती. कर्जतपर्यंत तिनं पोरीच्या पोटावरचा हात काढला नाही. मी दर वळणाला विचारायची, "हललं का गं?"

"नाय अजून."

"आता?"

"नाय. तू गप र्‍हा जरा, मला कळू दे."

ऊन डोक्यावर होतं. त्याच उन्हाच्या भीतीनं मी हे सगळं केलं होतं, आणि त्याच उन्हात पोरगी मोकळ्या वाऱ्यावर हळूहळू जागी होत होती. मी त्या बाईला विचारलं, तुला कसं कळलं?

"आमी न्हाय का तिकडं? थंडी व्हती म्हून इंगळ घमेल्यात घेतलं नि झोपडीत ठेवलं, दार लावलं. मला अशीच झोप आली. कानात गूं-गूं. धन्यानं मला वढून काढली. पोर निजलीवती, ती उठली नाय." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुला सांगितलंवतं की मी."

सांगितलं होतं. ते परतल्यावर आपल्या पोरीचं नाव पटावरून काढायला ती आली, तेव्हा सांगितलं होतं, कोळशाच्या गुंगीनं गेली म्हणून. आणि मी तिला म्हटलं होतं, "गुंगीनं कुणी मरतं का गं? ताप असेल. तुम्ही अंगारे-धुपारे करत बसला असाल." रजिस्टरात मृत्यूचं कारण लिहायचा रकाना होता. तिच्यासमोरच मी तो भरला होता. तिला वाचता येत नाही.

दवाखान्यात पोरीला ऑक्सिजन लावला. मी गाडीचं सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई नर्सला भराभर काहीतरी बोलल्या. विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो, आईच्या रक्तातून बाळाला जातो. मला दर शब्द कळत होता आणि काहीच ऐकायचं नव्हतं. त्या ठोके ऐकायचं यंत्र पोटावर फिरवत होत्या. एका जागी नाही. दुसऱ्या जागी नाही. नुसता खरखर आवाज. मी भिंतीला टेकून उभी होते आणि वाडीवरच्या बाईनं माझं मनगट धरलं होतं, करकचून. तिसऱ्या जागी ठोका लागला. मंद होता, पण होता. मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले, लाज सोडून.

दोन दिवसांनी नवरा डोंगरावरून उतरला आणि मिस्तरीला घरी घेऊन आला. बॉनेट उघडलं. इंजिनातून धुराची नळी जिथून निघते तिथला जोड कधीचा फुटलेला होता. म्हातारीचा खोकला तो तोच. बोळा घसरून खाली पडला होता, एका बाजूनं करपलेला, हिरव्यावरचे पांढरे ठिपके काळे झालेले. पत्र्यातलं भोक सताड उघडं. इंजिनातला धूर पंख्यानं ओढून आत, आणि काचा बंद. मिस्तरी हळू म्हणाला, "ताई, मी म्हटलं होतं रबर मागवू." मी तो तुकडा हातात धरून उभी राहिले.

त्यानंतरचे दोन महिने मी नीट झोपले नाही. ठोका मिळाला, पण आत बाळाचं काय झालं असेल हे कुणी छातीठोक सांगेना. "बघू या," म्हणायच्या डॉक्टरीणबाई. ते "बघू या" घेऊन मी उठायची आणि तेच घेऊन निजायची. पोरगी मलाच धीर द्यायची. तिला सगळं सांगितलं होतं मी, बोळ्यासकट. ती एवढंच म्हणाली, "तू माझ्यासाठीच केलंस ना." त्यानं उलट जास्त लागलं.

श्रावणात मुलगी झाली. लगेच रडली, मोठ्यानं. तरी मी भीत राहिले. डोळे फिरवते का, हसते का, मान धरते का. दुसऱ्यांच्या पोरांचे जे तक्ते मी भरते ते सगळे मनातल्या मनात तिच्यावर लावत होते. झोपली की नाकाशी बोट धरायची. अजून धरते.

बारशाआधी वाडीवरची बाई बघायला आली, रानातली भाजी घेऊन. मी बाळ तिच्या ओटीत दिलं. तिनं त्याचा तळपाय हातात घेतला, पोट बघितलं, खुशीत मान हलवली. मी तिला काहीतरी म्हणायचं ठरवलं होतं. आदल्याच आठवड्यात मी ते चार वर्षांपूर्वीचं रजिस्टर शोधायला गेले होते. जुनी सगळी खालापूरला तालुक्याच्या ऑफिसात जमा झाली होती. आता त्यात काही बदलता येत नाही, असं सांगितलं मला.

मी तोंड उघडायच्या आधी तिनंच विचारलं. "बाय, माझ्या पोरीचं तू लिवलंवतं ना तवा? काय लिवलंस?"

खोटं बोलावंसं वाटलं. जिभेवर आलंही होतं.

"ताप," मी म्हटलं.

तिनं माझ्या नातीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"ताप नव्हता गं तिला," ती म्हणाली. "मी हात लावला तवा अंग गार व्हतं."

मग तिनं बाळ माझ्याकडे दिलं.